गुळवेल : कुणाला, किती, कशासाठी

२०२० च्या उन्हाळ्यात एका रानवेलीचे दिवस फिरले. तोवर ती सोसायटीच्या कुंपणावर, पडीक प्लॉटमधल्या कडुनिंबावर, विजेच्या खांबाच्या ताणावर मुकाट वाढत होती आणि माळी अधूनमधून तिला ओढून, तोडून टाकत होता. टाळेबंदी लागली आणि दूध आणायला म्हणून बाहेर पडलेली माणसे गुळवेलीच्या कांड्या पिशवीत घालून घरी येऊ लागली. कुठल्या गल्लीत कुणाच्या भिंतीवर चांगली जाडजूड वेल आहे, याची माहिती मोठ्या विश्वासाने एकमेकांना दिली जाऊ लागली. काढ्याच्या कृती मोबाइलवरून फिरल्या : चार बोटे कांडी ठेचा, दोन कप पाणी घाला, निम्मे उरेपर्यंत आटवा, सकाळी अनशापोटी घ्या. किती दिवस घ्या, हे त्यात सहसा नसे. कुणी घेऊ नये, हे तर नसेच.

सरकारी पाठबळही मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडसाठी आयुर्वेद आणि योगाचा जो उपचार-आराखडा जाहीर केला, त्यात अश्वगंधा आणि पिंपळीबरोबर गुळवेलीचेही नाव होते. औषधांच्या दुकानांत रसाच्या बाटल्या, घनवटी, चूर्णे यांची फळी दर्शनी भागात आली. प्रत्येक लेबलावर एकच आश्वासन होते : प्रतिकारशक्ती वाढवा.

त्याच सुमारास मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे काही रुग्ण येऊ लागले. त्यांच्या काविळीचे नेहमीचे कारण सापडेना. हेपॅटायटिसचे विषाणू नाहीत, दारू नाही, पित्तनलिकेत खडा नाही. खोदून खोदून विचारल्यावर काढा निघाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या अशा सहा रुग्णांची हकीकत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यकृतशास्त्राच्या नियतकालिकात छापली. सहापैकी एक रुग्ण दगावला. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जे दिसले, ते नुसत्या विषबाधेचे चित्र नव्हते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर चालून जाते तेव्हा जे दिसते, त्याच्याशी ते मिळतेजुळते होते.

मग व्हायचे तेच झाले. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने पत्रक काढले. गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणे दिशाभूल करणारे आहे, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची खातरजमा केलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी एखादी वेल असू शकते, असा त्याचा रोख होता. वर्तमानपत्रांना दोन रकाने मिळाले. एका बाजूला ‘आयुर्वेदाविरुद्ध कट’, दुसऱ्या बाजूला ‘झाडपाल्याचे थोतांड’. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेल घ्यायला सुरुवात केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. गुळवेलीमुळे यकृतात स्वप्रतिकाराचा विकार उद्भवतो किंवा आधीपासून दबा धरून बसलेला उघडा पडतो, असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष होता.

या सगळ्या गदारोळात एका गोष्टीची कुणालाच आठवण झाली नाही. याच मुंबईत, परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात, गुळवेलीवर कित्येक वर्षे काटेकोर काम झाले होते, आणि तेही कावीळ झालेल्या रुग्णांवर.

माझे म्हणणे साधे आहे. गुळवेल प्रतिकारयंत्रणेवर खरोखर काम करते. आपल्याच डॉक्टरांनी ते दाखवून दिले आहे. आणि काम करते म्हणूनच ती चुकीच्या माणसाला अपाय करू शकते. गुण अपार आणि अपाय शून्य, असे कुठल्याही औषधाबद्दल म्हणता येत नाही. वेलीला तरी अपवाद का करायचा?

* * *

डॉ. शरदिनी डहाणूकर हे नाव मराठी वाचकाला ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ या पुस्तकांमुळे माहीत असते. झाडांवर प्रेम करणारी लेखिका म्हणून. त्यांचा पेशा मात्र औषधशास्त्राचा. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी. आयुर्वेद ज्यांना रसायन म्हणतो, त्या वनस्पती शरीरात नेमके काय करतात, हे आधुनिक औषधशास्त्राच्या मोजपट्टीने पाहायचे, हा त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी घेतलेला वसा. १९८९ च्या सुमारास डहाणूकर आणि थत्ते यांनी आयुर्वेदावर सामान्य वाचकांसाठी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्या काळात ॲलोपॅथीच्या महाविद्यालयात बसून वैद्यांच्या औषधांवर प्रयोग करणे म्हणजे दोन्हीकडून टोमणे खाणे होते.

त्यांच्या प्रयोगांतला एक मला फार बोलका वाटतो. उंदरांच्या पोटात ई. कोलाय जंतूंचा संसर्ग घडवला. ज्यांना आधी गुळवेलीचा अर्क दिला होता, ते उंदीर कमी मेले. मग साहजिक शंका अशी, की अर्कच जंतूंना मारत असेल. म्हणून परीक्षानळीत अर्क आणि जंतू एकत्र ठेवून पाहिले. जंतूंना काहीही झाले नाही. अर्थ उघड होता : वेल जंतूंशी लढत नव्हती, लढणाऱ्या पेशींना कामाला लावत होती. १९९२ मध्ये हे काम छापून आले.

आता माणसांकडे येऊ. पित्तनलिका खड्याने किंवा गाठीने बंद झाली की पित्त रक्तात साठते, अंग पिवळेजर्द होते, खाज सुटते. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया लगेच करायची म्हणजे धोका, म्हणून आधी नळी घालून पित्त बाहेर काढतात आणि काही दिवस वाट पाहतात. या वाट पाहण्याच्या काळातच अनेक रुग्ण जंतुदोषाने जातात, कारण तुंबलेल्या पित्ताने त्यांच्या पांढऱ्या पेशी मलूल झालेल्या असतात. जंतू समोर असतो, पण पेशी त्याला गिळत नाही. गिळला तरी मारत नाही. केईएममध्ये पोटाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. रवी बापट, म्हणजे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’चे लेखक, यांच्याकडे असे रुग्ण येत. रेगे, बापट, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार : प्रतिजैविके, रक्त गोठायला लागणारे के जीवनसत्त्व, पित्ताची नळी. दुसऱ्या गटाला हेच सगळे, शिवाय गुळवेलीचा अर्क, शरीराच्या दर किलो वजनाला दिवसाला १६ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ८०० मिलिग्रॅम झाले.

यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच सुधारले. फरक पडला तो पांढऱ्या पेशींत. जंतू गिळण्याची आणि मारण्याची त्यांची ताकद फक्त गुळवेलीच्या गटात पूर्वपदावर आली. पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुदोष झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्या गटात ९२ टक्के. १९९३ मध्ये पोटविकारांच्या भारतीय नियतकालिकात हा निबंध आला.

हे आकडे वाचून कुणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. मलाही वाटले. पण रुग्ण ३० च होते, हे विसरून चालत नाही. अशा छोट्या अभ्यासात दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी कुठल्या कुठे जाते. खरे तर हा निकाल हाती आल्यावर दहा रुग्णालयांत, काही शे रुग्णांवर तोच प्रयोग पुन्हा व्हायला हवा होता. तसे झाले असते तर आज गुळवेल शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तरी असती, नाहीतर संशोधनाच्या इतिहासात. सध्या ती दोन्हीकडे नाही, जाहिरातीत आहे.

त्यातले आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे. ती वेल कुणाला दिली? ज्यांची प्रतिकारयंत्रणा खचली आहे हे रक्त तपासून दिसत होते, त्यांना. किती? वजनावर मोजून. किती दिवस? नळी ते शस्त्रक्रिया, एवढेच. धडधाकट माणसाने अनशापोटी वर्षभर घ्यावी, असे त्या निबंधात काही नव्हते.

केईएममध्येच पुढे मधुमेहाने पायाला झालेल्या जखमांवर गुळवेल देऊन पाहिली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० रुग्ण होते. आकडे गुळवेलीच्या बाजूने झुकलेले दिसले, पण बहुतेक मोजमापांत तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका ठाम नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी एचआयव्हीबाधित ६८ जणांवर सहा महिने प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना केली. तक्रारी कमी झाल्याचे गुळवेलीच्या गटातल्या ६० टक्के रुग्णांनी सांगितले, प्लासिबोच्या गटातल्या २० टक्क्यांनी. पण रक्तातल्या सगळ्या मोजमापांनी त्याला दुजोरा दिला नाही, असे त्यांनी निबंधात स्वतःच स्वच्छ लिहिले. मला ही माणसे आवडतात. त्याआधी, २००५ मध्ये, नागपूरच्याच संशोधकांचा ॲलर्जीच्या सर्दीवरचा ७५ रुग्णांचा अभ्यास आला होता आणि तिथे आठ आठवड्यांत शिंका, नाक वाहणे यांत चांगलाच उतार पडलेला दिसला.

आता गंमत पाहा. केईएममध्ये मलूल पेशी जाग्या झाल्या. नागपूरला विनाकारण खवळलेल्या पेशी शांत झाल्या. मग ही वेल प्रतिकारशक्ती वाढवते की कमी करते?

* * *

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा तुर्भ्यात सापडतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीच्या खोडातून एक मोठ्या साखळीची शर्करा वेगळी काढली. अरॅबिनोगॅलॅक्टन हे तिचे कूळ. १९९९ मध्ये तिची रचना प्रसिद्ध झाली आणि पुढच्या दशकात ती पेशीवर कुठे जाऊन बसते, तेही त्यांनी दाखवले. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर टोल-लाइक रिसेप्टर असतात. त्यांतला चौथ्या क्रमांकाचा रिसेप्टर जंतूंच्या कवचावरचा एक घटक ओळखतो. गुळवेलीची शर्करा त्याच रिसेप्टरला हात घालते. चोर आलेला नसताना घंटा वाजवून पहारेकऱ्यांना उठवावे, तसे हे. पहारेकरी जागे होतात, काठ्या परजतात, आणि खरा चोर आला तर सावध सापडतात.

पण जागे झालेले पहारेकरी नुसते उभे राहत नाहीत. मॅक्रोफेज उत्तेजित झाली की ती टीएनएफ, इंटरल्युकिन यांसारखी रसायने सोडते. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपते, आणखी पेशी धावून येतात. पायात काटा मोडल्यावर ठणका, लाली, ऊब आणि सूज येते ती यामुळेच. सूज ही प्रतिकारशक्तीची शत्रू नव्हे, ती प्रतिकारशक्तीचीच कामगिरी आहे. संधिवातात नेमकी हीच कामगिरी कारण नसताना, थांबायचे नाव न घेता चालू राहते. ‘प्रतिकारशक्ती वाढवते आणि सूज घालवते’ असे एकाच बाटलीवर छापलेले आपण सर्रास वाचतो आणि त्यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही.

विसंगती सुटते ती वेलीच्या गुंतागुंतीमुळे. शर्करा हा गुळवेलीतला एकच घटक. त्याशिवाय अल्कलॉइड आहेत, कडू चवीला जबाबदार असलेली डायटर्पिनॉइड आहेत, स्टेरॉइडसदृश द्रव्ये आहेत. काही घटक यंत्रणेला चेतवतात, काही आवरतात. पाण्यात उकळले तर शर्करा जास्त उतरते, मद्यार्कात भिजवले तर अल्कलॉइड आणि डायटर्पिनॉइड. म्हणजे एकाच वेलीचे दोन अर्क ही औषधशास्त्राच्या हिशेबात दोन वेगळी औषधे झाली. त्यात घेणाऱ्याचे शरीर आधीच कुठल्या अवस्थेत आहे, याची भर घाला. म्हणूनच संशोधक ‘वाढवणारी’ म्हणत नाहीत, प्रतिकारयंत्रणेत फेरफार करणारी म्हणतात. फेरफार नेहमी आपल्या सोयीचाच होईल, याची हमी कुठे आहे?

हाशिमोटो थायरॉइड, आमवात, ल्युपस, सोरायसिस, सुप्त अवस्थेतला स्वप्रतिकारी यकृतदाह. या सगळ्या विकारांत पहारेकरी घरच्यांनाच चोर समजत असतात. अशा घरात उगीच घंटा वाजवत राहायचे नसते. मुंबईच्या सहा रुग्णांचे आणि नंतरच्या ४३ रुग्णांचे यकृत असे का दिसले, याचा सर्वांत पटणारा अर्थ हाच आहे.

* * *

पुण्याची कथा वेगळी. डॉ. अरविंद चोप्रा हे मूळचे लष्करी सेवेतले संधिवाततज्ज्ञ. पुण्यात त्यांनी संधिवाताचे केंद्र काढले आणि १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघर फिरून किती लोकांचे सांधे दुखतात याची पाहणी केली. त्यांच्या जोडीला औषधशास्त्रज्ञ डॉ. भूषण पटवर्धन. पटवर्धनांचे आयुर्वेदावरचे काम त्याही आधीपासूनचे. १९९१ मध्ये पुण्याच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी अश्वगंधा, सालईचा डिंक, हळद आणि जस्त यांच्या मिश्रणाची सांध्यांच्या झिजेच्या ४२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली होती. प्रत्येक रुग्णाने तीन महिने औषध आणि तीन महिने प्लासिबो घेतले. कधी काय, ते त्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. दुखणे आणि अडचण दोन्ही कमी झाली. क्ष-किरण चित्रात मात्र सांधा होता तसाच राहिला.

सालई सातपुड्यात ज्याने पाहिली असेल, त्याला ती विसरता येणार नाही. बाकी रान वाळून गेलेले असते तेव्हा डोंगराच्या खडकाळ उतारावर कागदासारखी साल सुटलेले हे झाड उभे असते. खोडाला खाच दिली की सुगंधी डिंक ओघळतो. त्यातली बॉस्वेलिक आम्ले शरीरातल्या ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला अडवतात आणि सूज वाढवणारी ल्युकोट्राइन तयार होणे कमी होते. ॲस्पिरिनच्या कुळातली औषधे अडवतात तो रस्ता वेगळा.

चोप्रांनी २००० मध्ये आमवातावरच्या अशाच एका मिश्रणाची १८२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निकाल मनाजोगा नव्हता. औषधाच्या गटात सुधारणा झाली, पण प्लासिबोच्या गटातही इतकी झाली की फरक सिद्ध होईना. पुण्याच्या रुग्णांना डॉक्टरांनी आपुलकीने तासभर विचारपूस केल्यानेच निम्मे बरे वाटत असेल, तर मला त्याचे नवल वाटणार नाही. महत्त्वाचे हे की हा निकाल दडवला गेला नाही.

मग आली २०१३ ची मोठी चाचणी. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या पाठिंब्याने, अनेक शहरांत मिळून, गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे. एकीकडे सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांच्या अर्कांच्या कॅप्सूल. दुसरीकडे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही बाजारातली नेहमीची औषधे. दुखणे कमी करण्यात आयुर्वेदिक कॅप्सूल त्यांच्या बरोबरीच्या ठरल्या. ऑक्सफर्डच्या संधिवातविषयक नियतकालिकात हा निबंध आला आणि पुण्यात त्याचे कौतुकही झाले.

त्याच निबंधात एक वाक्य होते, ज्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. आयुर्वेदिक कॅप्सूल घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताच्या इजेची खूण मानले जाणारे विकर वाढलेले आढळले. त्यांना कसलाही त्रास नव्हता, यकृताच्या बाकी तपासण्या ठीक होत्या. औषध थांबवले आणि एसजीपीटी खाली आले. कॅप्सूलमध्ये चार वनस्पती होत्या, त्यामुळे बोट एकटीकडे दाखवता येत नाही. पण ठराविक मुदतीने रक्त तपासले म्हणून ते दिसले, वेळेत दिसले, आणि कुणालाही इजा न होता प्रश्न मिटला. कोविडच्या सात वर्षे आधी पुण्यातल्या डॉक्टरांनी जी काळजी घेतली, ती २०२० मध्ये स्वयंपाकघरात काढा उकळणाऱ्यांना कुणी सांगितली नाही. सांगायची जबाबदारी त्यांची होती, ज्यांच्याकडे हे निबंध होते आणि पत्रके काढण्याचे अधिकारही होते.

* * *

ओघात हळदीबद्दल थोडेसे, कारण हा विषय निघाला की सभेत कुणीतरी हळदीच्या पेटंटची गोष्ट काढतोच. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ जुने संदर्भ गोळा करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. अभिमानाची गोष्ट आहेच. पण ते पेटंट रद्द झाले कारण हे ज्ञान नवे नव्हते. हळद गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा त्या खटल्यात झालेलाच नाही. सांगलीच्या वायदेबाजारापासून वायगावच्या हळदीच्या शेतापर्यंत सगळ्यांनी तो झालाच असे समजून घेतले, एवढेच.

हळदीतले कर्क्युमिन परीक्षानळीत सूज वाढवणाऱ्या बहुतेक सगळ्या रसायनांना आवर घालते. पोटातून घेतले तर रक्तात जेमतेम पोहोचते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात मिऱ्यातले पायपरिन सोबत देऊन पाहिले, तेव्हा माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीसपट झाले. जाहिरातींनी हा आकडा लगेच उचलला. पायपरिन यकृतातल्या ज्या विकरांना अडवून हे साधते, तीच विकरे आपण घेत असलेली इतर औषधेही निकामी करत असतात, म्हणजे त्यांचीही रक्तातली पातळी वाढू शकते. हा अर्धा भाग जाहिरातीत येत नाही. आमटीतली चिमूटभर हळद आणि मिरे यांना या भीतीचे काही कारण नाही. बोलणे चालले आहे ते अर्काच्या कॅप्सूलचे.

* * *

पुन्हा वेलीकडे. खरी गुळवेल हातात घेऊन पाहावी. पान हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत, देठ लांब. जून खोडाची वरची साल पातळ पापुद्र्यासारखी सुटते. नखाने खरवडली की आत हिरवेगार दिसते. आडवे कापले की आरे असलेल्या चाकासारखी नक्षी. फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबतात. कांडी जिभेला लावली तर कडूपणा बराच वेळ जात नाही. हिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल दिसायला जवळची, पण तिचे खोड करड्या रंगाचे आणि त्यावर फोडांसारखे उंचवटे असतात, कापल्यावर दुधाळ चीक येतो. ती यकृताला अपायकारक असल्याचे परदेशांतून पूर्वीच नोंदले गेले आहे. मंत्रालयाने हा फरक २०२२ मध्ये पत्रक काढून समजावून सांगितला, तो रास्तच. तोंडाला मास्क लावून संध्याकाळच्या उजेडात कुंपणावरची वेल तोडणारा माणूस खोडावरचे फोड तपासत नव्हता, हेही खरेच.

मग सत्त्व. जुन्या वैद्यांच्या घरी हे करताना पाहायला मिळते. अंगठ्याएवढी जाड ताजी खोडे धुऊन, तुकडे करून पाट्यावर किंवा उखळात ठेचायची, चौपट पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी हाताने कुस्करून चोथा गाळून टाकायचा. राहिलेले पाणी हलवायचे नाही. काही तासांत तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, पुन्हा स्वच्छ पाणी घालायचे, पुन्हा निवळू द्यायचे. शेवटी ताटात पसरून वाळवले की खडूसारखी पांढरी भुकटी मिळते. किलोभर ओल्या वेलीतून हाताला लागते ते जेमतेम मूठभर. हे बहुतांशी पिष्ट असते. काढ्यात उतरणारी कडू द्रव्ये बरीचशी ओतून दिलेल्या पाण्याबरोबर गेलेली असतात. म्हणजे सत्त्व, काढा, ताजा रस आणि कारखान्यातला घन अर्क ही चार वेगळी माणसे आहेत, नाव फक्त एक. एकाच्या चाचणीचा दाखला दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवणे ही निव्वळ फसवणूक आहे, मग ती कायद्यात बसो वा न बसो.

कायद्यात ती बऱ्याच अंशी बसतेही. मान्यताप्राप्त ग्रंथांत पाठ असलेले औषध त्या पाठाप्रमाणे बनवले, तर परवान्यासाठी नव्याने सुरक्षिततेची चाचणी द्यावी लागत नाही. शेकडो वर्षांचा वापर हाच पुरावा धरला जातो. तो वापर मात्र वैद्याच्या नजरेखालचा, रोगी पाहून, काळ-वेळ पाहून केलेला होता. तीव्र विषही नीट योजले तर औषध होते आणि चांगले औषधही चुकीचे योजले तर विष ठरते, असे चरकसंहितेतच बजावले आहे. ग्रंथाचा आधार घेताना एवढा भाग वगळून चालणार नाही.

आणि या सगळ्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आहे. तिथल्या कातकरी तरुणांच्या गटाने सरकारच्या वनधन योजनेत गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवायला सुरुवात केली. कोविडच्या काळात त्यांच्याकडे दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मालाची मागणी आली. दरवर्षी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करावे लागणाऱ्या समाजाच्या हाती गावातच राहून पैसा येणे ही लहान गोष्ट नाही. त्यांना वेल ओळखता येते, बुडखा राखून तोडायची कशी ते कळते. गुळवेलीच्या नावावर जे काही चुकले, त्यात त्यांचा दोष शोधू नये. उलट वेल कुणी, कुठून, कधी तोडली याची नोंद बाटलीपर्यंत पोहोचली, तर खोट्या मालाचा निम्मा प्रश्न मिटेल आणि त्यांच्या मालाला भावही बरा येईल.

वाचकांना विनंती एवढीच. थायरॉइडचा स्वप्रतिकारी विकार, आमवात, ल्युपस, सोरायसिस किंवा यकृताचे कोणतेही दुखणे असेल, अवयव-प्रत्यारोपण झाले असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर गुळवेल, अश्वगंधा किंवा ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ म्हणून विकले जाणारे कोणतेही मिश्रण वैद्याला आणि आपल्या डॉक्टरला, दोघांनाही सांगितल्याशिवाय घेऊ नका. निरोगी असाल तर आधी विचारा की ते कशासाठी घ्यायचे आहे आणि कधी थांबवायचे आहे. घेत असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करा, यकृताची तपासणी करून घ्या आणि दवाखान्यात जाताना उरलेली बाटली किंवा वेलीचा तुकडा सोबत न्या. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून सुरू आहे. तुमच्या वैद्याला किंवा डॉक्टरला तिथे कळवायला सांगा, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर पुन्हा सांगा.